माराला वन्समोर

नाटक कसं झालं, असं आमच्या गावात कुणी विचारत नाही. कोण चांगलं रडलं, असं विचारतात. जत्रेतलं नाटक संपलं की पाणवठ्यावर, देवळाच्या कट्ट्यावर, चुलीपुढं हीच चर्चा. अमकी झकास रडली, आणि अमकी म्हणजे कोण, तर लुगडं नेसलेला सुतार. तमका मेल्यावर हलला. राजाची मिशी एका बाजूनं सुटली. मत द्यायला आमच्याकडं कुणी हात आखडता घेत नाही. नाटकभर घोरत पडलेला माणूससुद्धा सकाळी मत देतो, आणि बाकीचे ते ऐकून घेतात. मला या मतांचा मनापासून राग आहे. सत्तरी ओलांडली तरी गेला नाही आणि मला तो घालवायचाही नाही.

मी सांगते ती जत्रा बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीची. गाव वेल्ह्याच्या बाजूचं, राजगडाच्या पायथ्याचं. नाव सांगत नाही. ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांना बरोबर कळेल, जिवंत असतील तर.

त्याच्या आदल्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं होतं. लग्नाच्या जेवणाची मोठी भांडी तेव्हा कुणाच्या घरची नसत. गावानं मिळून घेतलेली तांब्याची तपेली, पराती, झारे देवळामागच्या खोलीत कुलपात असत. ज्याच्या घरी कार्य असेल त्यानं ती न्यायची, घासूनपुसून परत ठेवायची आणि किल्ली गुरवाच्या हातात द्यायची. माझ्या लग्नाची भांडी माझ्या थोरल्या भावानं, दादानं परत ठेवली. चिंच आणि राख घेऊन दिवसभर नदीवर बसला होता बिचारा. बहिणीच्या लग्नाची भांडी काळी ठेवली असं कुणी म्हणू नये, एवढंच त्याच्या डोक्यात. मी वरव्याला सासरी गेले. पुढं गावात दुसरं लग्न निघालं, खोली उघडली, तर सगळ्यात मोठं तपेलं, ज्यात अख्ख्या गावाचा भात शिजायचा, ते जागेवर नाही.

शेवटची भांडी कुणी ठेवली? दादानं. झालं, सापडला चोर.

सोसायटीच्या चेअरमनचा मेहुणा पोत्यात काहीतरी जड घेऊन नसरापूरच्या बाजारात जुनी भांडी घेणाऱ्या मोडवाल्याच्या दुकानात शिरताना आमच्याच गावच्या माणसांनी पाहिला होता. त्यांनी ते येऊन आमच्या आईच्या कानात सांगितलं, आणि चौकीवरचे जमादार आले तेव्हा तीच माणसं मूग गिळून बसली. जमादारांच्या घरी चेअरमनकडचा आंबेमोहोर गेला, तुपाची बरणी गेली. हेही सगळ्यांना माहीत होतं. ज्याच्या बैलगाडीतून ते गेलं तो स्वतःच सांगत फिरला होता. पण ते सगळं कानात. मोठ्यानं बोलायची वेळ आली की आमच्या गावाला एकदम खोकला येतो.

दादाला चौकीत नेलं आणि सोडलं तेव्हा त्याला पाय टेकता येत नव्हते. मी बातमी ऐकून वरव्याहून धावत आले, तर आई त्याच्या तळपायांना हळद-तेल चोळत होती आणि दारात माणसांची रांग. बघायला आले होते मेले. एकानं तर त्याचा सदरा वर करून पाठ पाहिली आणि म्हणाला, "मारलं मारलं म्हनता, मग वळ कुठं हायेत?" पाठीवर खरंच एकही वळ नव्हता. दादा भिंतीकडं तोंड करून पडून राहिला. मारापुढं त्यानं "मीच घेतलं" असं म्हणून टाकलं होतं. तपेलं कुठं आहे ते मात्र त्याला सांगता येईना, कारण त्यालाच ठाऊक नव्हतं, म्हणून शेवटी सोडला. गावात दोन तट पडले. कबूल झाला म्हणजे चोर, असं एक म्हणत. मारलं तर कुणीही कबूल होईल, असं दुसरे म्हणत, पण हळू आवाजात.

वहिनीला घरात येऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. तिचे वडील कामथडीचे. सातारा रोडवरची माणसं ती, रोज मोटारी बघणारी. आम्हा डोंगरातल्यांना मुलगी दिली हेच त्यांना उपकार वाटायचे. ते आले, ओसरीवर पाणीसुद्धा न पिता बसले आणि आईला म्हणाले, "ईहीणबाई, पोरीला नेतो. बट्टा पुसला की घालवतो माघारी." वहिनी पदराआड रडत गेली. दादा तिला फाट्यापर्यंत पोचवायलाही जाऊ शकला नाही, पाय सुजलेले. त्यानंतर त्याला एकच ध्यास लागला, बट्टा कसा पुसायचा. तपेलं सापडावं म्हणून त्यानं नदीचे डोह चाळले. तपेलं तर केव्हाच वितळलं होतं.

मग आलं ते नाटक.

आमच्या गावच्या शाळेतले मास्तर दरवर्षी जत्रेसाठी काहीतरी लिहीत. त्या वर्षी त्यांनी लिहिलं लाचखाऊ फौजदाराचं नाटक. एक फौजदार खऱ्या चोराकडून पैसे खातो आणि गरीब निरपराध माणसाला मारून मारून गुन्हा कबूल करायला लावतो. देवीचा कंबरपट्टा चोरीला गेलेला असतो. कुणाच्या कोंबड्याला कळावं इतकं ते उघड होतं. पण मास्तर भित्रे. त्यांनी पहिल्याच पानावर लिहून टाकलं, की ही गोष्ट जुन्या काळातल्या एका संस्थानातली आहे. आमचं भोर संस्थानच होतं, म्हणून मास्तरांनी खाली पुन्हा लिहिलं, की आपलं नव्हे, दुसरंच. नाटकाला चौकीची परवानगी लागायची. जमादारांनी ऐकून घेतलं आणि पोट धरून हसले. "संस्थानातला हाय न्हवं? मग हाना त्याला," म्हणाले. एवढंच नाही, फौजदाराच्या कामासाठी स्वतःचा जुना डगला, पट्टा आणि काठी दिली. फक्त एक अट घातली. जत्रेच्या रात्री बंदोबस्ताला माणसं पुरत नाहीत, तेव्हा नाटक दुपारी, कुस्त्यांच्या आधी उरकायचं.

मार खाणाऱ्याचं काम कुणी घेईना. सगळ्यांना राजा व्हायचं असतं. तेव्हा मास्तर आमच्या घरी आले. खालमानेनं म्हणाले, "तू करशील का? तुझ्याइतकं ते कुणाला जमायचं नाही." आईनं हातातलं सूप आपटलं. "मास्तर, लाज हाय का? त्याच्या जिवावर जे बेतलं त्याचा तमाशा मांडताय व्हय?" दादापण आधी उठून परड्यात गेला. पण मास्तरांनी जाताना शेवटचा प्रवेश वाचून दाखवला. मोठा साहेब घोड्यावरून येतो. कंबरपट्टा फौजदाराच्याच पेटीत सापडतो. फौजदाराला बेड्या पडतात, आणि निरपराध माणसाच्या गळ्यात सगळं गाव हार घालतं. हार घालून घेताना तो म्हणतो, "देवी साक्ष आहे, मी चोर नव्हतो."

दादा परड्यातून परत आला. "सगळं गाव हार घालतं?" त्यानं विचारलं.

आता तुम्ही म्हणाल, नाटकातल्या हारानं काय होतं? शहरातल्या माणसाला ते सुचणार नाही. पण जत्रेचा मांडव देवळापुढं असतो, नारळ देवाला फुटलेला असतो. तिथं उभं राहून मोठ्यानं बोललेली गोष्ट आमच्याकडं साधं बोलणं मानत नाहीत. दादानं कामथडीला निरोप धाडला, की जत्रेला या, पोरीला घेऊन या, तुमच्या देखत सगळा उलगडा होईल. आणि त्याचा सासरा येतो म्हणाला. जत्रेला मटण असतंच.

वहिनी आली ती पत्र्याची पेटी घेऊनच. बापाला न विचारता तिनं ती आईच्या खाटेखाली सारून ठेवली आणि चुलीपुढं भाकरीला बसली. मला हळूच म्हणाली, "वन्सं, आता म्या जात न्हाई." तिच्या हातची भाकरी त्या दिवशी एकसुद्धा करपली नाही.

दुपारी मांडव भरला. वर आंब्याच्या डहाळ्यांचा टाळा घातलेला, त्यातून चैत्राचं ऊन सगळ्यांच्या तोंडावर. रात्रीच्या नाटकात बत्तीच्या उजेडात नट तेवढे दिसतात. दिवसाच्या नाटकात बघणारेही दिसतात. मी त्या दिवशी प्रत्येकाचं तोंड बघितलं. मंचावर मधोमध बॅटरीवरचा माईक. पुढं दोन लाकडी खुर्च्या, एकीत जमादार, दुसरीत चेअरमन. वहिनीचे वडील त्यांच्या मागंच घोंगडीवर, पाहुण्यांच्या मानानं. आम्ही बायका डाव्या अंगाला. जमादारांच्या हस्ते नारळ फुटला.

मार खायचा प्रवेश आला. फौजदार झाला होता गावचा शिंपी. जमादारांचा डगला त्याच्या अंगावर लोंबत होता. त्यानं दादाला खाली पाडलं आणि काठीनं हवेत मारल्यासारखं केलं. दादा ओरडला. आणि मग रडायला लागला. मी नाटकं पुष्कळ पाहिली होती, नट तोंडावर हात घेऊन हूं हूं करतात. दादानं हात घेतला नाही. त्याचं तोंड वाकडं झालं, नाक वाहायला लागलं, उन्हात सगळं दिसत होतं. तो म्हणाला, "मीच घेतलं, साहेब. मीच. आता बास करा." माझ्या शेजारी वहिनीनं पदराचा बोळा तोंडात धरला.

मागून एकजण ओरडला, "वन्समोर!"

गाण्याला वन्समोर देतात हे मी पाहिलं होतं, माराला देतात हे त्या दिवशी पाहिलं. एकानं दिल्यावर सगळ्यांना चेव चढला. शिट्ट्या, टोप्या हवेत. आणि आमच्याकडं वन्समोर मिळाला की पुन्हा करावंच लागतं, नाहीतर गावाचा अपमान. मास्तरांनी पडद्याआडून मान डोलावली. शिंप्यानं दादाला पुन्हा पाडलं. दादा पुन्हा रडला, पुन्हा म्हणाला, मीच घेतलं, साहेब. मतं तर सुरूच होती. "शिंप्या, धोतराला टाका घालतुयास का?" "जोरात हान की लेका!" "रडतुया बाकी झकास."

तेवढ्यात जमादार खुर्चीवरून उठले. मला वाटलं, आता हा थांबवणार. मेल्याला काहीतरी वाटलं असेल, असं वाटलं मला. खोटं कशाला बोलू.

ते मंचावर चढले, शिंप्याच्या हातातली काठी घेतली आणि लोकांकडं तोंड करून म्हणाले, "आरं, असं न्हवं. पाठीवर मारल्यालं समद्यांस्नी दिसतं. मारायचं तळपायावर. वळ उठत न्हाई, आन मानूस तर पोपटागत बोलतो." दादाचा पाय त्यांनी आपल्या गुडघ्यावर घेतला. दादा नुसता बघत राहिला, बोकड बघतो तसा. काठी बसली. खरी बसली. दादाची किंकाळी देवळाच्या घुमटात गेली.

आणि टाळ्या! अहो, टाळ्या पडल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वळ कुठं आहेत म्हणून त्याचा सदरा वर करून बघणारा तिथंच बसला होता, दुसऱ्या रांगेत, आणि सगळ्यांत मोठ्या टाळ्या त्याच्याच. गुन्हेगार मंचावर चढून, माईकसमोर, आपण काय केलं आणि कसं केलं ते समजावून सांगत होता आणि गाव म्हणत होतं वा! माझ्या पुढची एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "बारीक म्हायती हाय बाई जमादारांस्नी." मी उभी राहिले. "मेल्यांनो," म्हणून ओरडले, "ऐकताय ना? त्यो काय सांगतोय ते ऐकताय ना?" दोघीतिघींनी माझं लुगडं ओढून मला खाली बसवलं. "नाटक हाय गं येडे," म्हणाल्या, "मधी बोलू ने."

जमादारांनी दादाच्या पाठीवर थाप मारली. "काम चांगलं करतोस," म्हणाले. आणि दादानं त्यांना हात जोडले. ते नाटकात नव्हतं.

पुन्हा वन्समोर झाला. तिसऱ्यांदा शिंप्यानं बरोबर तळपायावर मारलं, शिकवल्याप्रमाणं. तिसऱ्यांदा दादा देवळापुढं, माईकमध्ये, सगळ्या गावादेखत म्हणाला, "मीच घेतलं, साहेब."

या सगळ्यात ऊन कललं. ओढ्याकडं कुस्त्यांच्या फडात हलगी वाजायला लागली. चेअरमन उठून म्हणाले, "मास्तर, आटपा आता. पैलवान खोळंबल्यात." ते निघाले, जमादार निघाले, आणि त्यांच्या मागं मांडव उठला. मास्तर पडद्याबाहेर येऊन "शेवटचा प्रवेश ऱ्हायलाय, शेवटचा प्रवेश" म्हणत राहिले. कोण ऐकतोय! वहिनीचे वडील धोतर झटकत सगळ्यांबरोबर फडाकडं गेले. मी मधे आडवी झाले, म्हटलं, "थांबा की वाईच, आता तर खरं हाय." ते म्हणाले, "बघितलं की समदं."

शेवटचा प्रवेश झाला. दादा हटूनच बसला, करायचाच म्हणाला. घोडा नव्हता, तेव्हा मोठा साहेब चालतच आला. सगळं गाव म्हणून जे हार घालणार होते ते कुस्त्यांना पळालेले, म्हणून मास्तरांनी एकट्यानंच हार घातला. बघायला मी, वहिनी, आई, काही म्हाताऱ्या आणि आपली घोंगडी गोळा करायला थांबलेला एकजण. दादा रिकाम्या मांडवाकडं तोंड करून म्हणाला, "देवी साक्ष आहे, मी चोर नव्हतो." मोठ्यानं म्हणाला. माईकवाल्यानं बॅटरी वाचवायला माईक बंद केला होता.

तरी आम्हाला आशा होती, काय सांगू! आईनं मटणाचा रस्सा वाढला. दादा पाय पोटाशी घेऊन सासऱ्याच्या पंक्तीला बसला होता. सासरे चवीनं जेवले. नळी फोडली, चोखली. मग बोटं चाटत म्हणाले, "जावईबापू, काम लई झ्याक केलंत. म्या म्हनतो, पुन्याकडंबी असं काम न्हाई कुनाचं."

दादाचं तोंड उजळलं हो. खरंच उजळलं.

"पयल्यांदा रडलात तवा माझ्याबी डोळ्याला पानी आलं," सासरे म्हणाले. "मग दुसऱ्यांदा तसंच रडलात. मग तिसऱ्यांदा. एक केस इकडचा तिकडं न्हाई. मनात आलं, ज्याला असं पायजे तवा रडाय येतं, त्यानं तवाबी असंच केलं आसंल. चौकीत. घरात. समद्यांम्होरं. न्हाई का?"

दादाच्या हातातला घास ताटात पडला. तो म्हणाला, "मामा, त्यो मार खरा हुता. त्यांनी खरंच मारलं. आजबी."

"हा, बघा," सासरे हसून म्हणाले, "आतासुदीक किती झ्याक बोललात."

मी भांडले. जे तोंडाला येईल ते बोलले त्या माणसाला, पाहुणा असून. आईनं पाय धरले त्याचे. त्याचं आपलं एकच, सोंगाड्याच्या घरी पोर नांदवत न्हाई. आणि बाहेर कट्ट्यावर तरी काय वेगळं चाललं होतं? कुस्त्या बघून परतलेले सगळे तेच बोलत होते. ज्यांना आधी तो निरपराध वाटत होता त्यांनासुद्धा आता नवं मत सापडलं होतं. "आपून फसलो रं. हाडाचा नट निगाला." दोन तट होते ते त्या संध्याकाळी एक झाले. मास्तरांच्या नाटकानं एवढं मात्र केलं.

मी वहिनीला परड्यात ओढत नेलं. म्हटलं, "तू बोल की बापाला. तू नगं म्हन. तुला तर ठावं हाय." ती गोवऱ्यांच्या ढिगाला टेकून उभी होती, डोळे सुजलेले.

मग म्हणाली, "वन्सं, चौकीतनं आले त्या रातीला माझ्या मांडीवर डोकं ठिवून रडले हुते. म्या कुनाला सांगितलं न्हाई."

"मग?"

"असंच रडले हुते. असंच तोंड वाकडं, आसंच नाक. हुबेहूब." आणि माझ्याकडं न बघता तिनं पदर सारखा केला. "आता म्या काय समजू?"

मी तिच्या थोबाडीत मारायला हवी होती. नाही मारली. तिनं खाटेखालची पेटी स्वतःच्या हातानं ओढून काढली. संध्याकाळच्या एसटीला बाप-लेक गेले, आणि पेटी फाट्यापर्यंत डोक्यावर कुणी नेली? दादानं. टाचा टेकवत, बोटं वर उचलून, तसाच चालत गेला. वाटेत कुस्त्यांहून परतणारी माणसं भेटली. एकजण दुसऱ्याला म्हणाला, "बघ, आजूनबी लंगडतुया. कामात घुसला की घुसला."

पुढं कामथडीच्या लोकांनी वहिनीचा दुसरीकडं पाट लावून दिला. जमादारांची बदली झाली ती बढतीवर. चेअरमननी गावाला नवं तपेलं घेऊन दिलं आणि त्यावर स्वतःचं नाव कोरून घेतलं. पुढच्या वर्षी जत्रा आली तेव्हा नाटक मंडळी दादाकडं आली, तेच नाटक पुन्हा बसवू म्हणाली, लोकांची लई मागणी आहे. दादानं त्यांना चहा करून दिला आणि कपबशा विसळायला उठून गेला. मी असते तर उकळता चहा ओतला असता त्यांच्या टाळक्यावर.

दुष्काळ सरल्यावर आई गेली. तिला शेवटपर्यंत सून परत येईल असं वाटत होतं. मी वरव्याहून पोचले तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. दादा आईच्या उशाशी मांडी घालून बसलेला, हात मांडीवर, डोळे कोरडे. मला बघूनही हलला नाही. मी आईवर पडून रडले, आणि रडता रडताच मागच्या बायकांचं ऐकू आलं. "ल्योक बघ. टिपूस न्हाई डोळ्यात. जत्रंत कसा ढसाढसा रडला हुता, आन आई मेली तर दगुड." दुसरी म्हणाली, "चोरच त्यो. काळीज कुठनं आसनार?" मताला सुट्टी नसते आमच्याकडं. मढं उचललं नव्हतं अजून.

दहाव्याला नदीवर आम्ही दोघं मागं राहिलो होतो. लोक घाट चढून पुढं गेले होते. नदीला चांगलं पाणी आलं होतं त्या वर्षी. दादा त्याच खडकावर बसला होता, जिथं माझ्या लग्नाची भांडी घासली होती. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "दादा, आता तरी रड की रं. आईसाठी रड. कुनी न्हाई हितं."

त्याचे ओठ हलले. तोंड जरासं वाकडं झालं आणि त्यानं ते लगेच दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरलं, जबडा धरतात तसं. बऱ्याच वेळानं हात काढले.

"येतंय गं," तो म्हणाला, "लई येतंय. पन आलं की माझं मलाच वाटतं, म्या काम करतुया."